धूळपेरणी

एक जवान होता. वय कोवळं, अंगात रग भरपूर. घर यवतमाळकडे, वडिलांची कोरडवाहू कापसाची शेती. सैन्यात भरती झाला, प्रशिक्षण संपलं आणि पहिलीच नेमणूक चंडीगडला मिळाली. हाती बंदूक येईल, सीमेवर जाऊ, असं त्याच्या मनात होतं. हाती आली ती कोबीची खोकी.

ही गोष्ट १९८० च्या दशकाच्या अखेरीची. चंडीगडच्या हवाई तळावरून तेव्हाही लडाखला रसद जात असे. लेहला पोहोचणारे रस्ते उंच खिंडींतून जात. झोजी ला साडेअकरा हजार फुटांवर, मनालीकडच्या खिंडी त्याहूनही उंच. नोव्हेंबर सरला की त्यांवर बर्फ पडायचा आणि रस्ते बंद व्हायचे ते थेट मे-जूनपर्यंत. धान्य, डाळ, साखर, रॉकेल हे सगळं उन्हाळ्यातच ट्रकांनी वर नेऊन साठवून ठेवत. पण हिरवी भाजी, अंडी, मांस सहा महिने साठवता येत नाही. लागणारी औषधं आधी कळत नाहीत. आणि घरून आलेलं पत्र कोणी उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवू नये. या गोष्टी विमानानेच जायच्या. एएन-३२ जातीची दोन पंख्यांची विमानं हवाई दलाकडे येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. शेपटीखालचा दरवाजा उतरवला की त्याचीच घसरण व्हायची आणि माल सरळ पोटात ढकलता यायचा.

तो माल बांधायचा, तोलायचा आणि लादायचा, हे या जवानाच्या तुकडीचं काम. तुकडीवर एक हवालदार होता. नगरकडचा, निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा. सगळे त्याला उस्ताद म्हणत.

उस्ताद पहाटे अडीच वाजता बराकीत येऊन दिवा लावायचा. तीनला सगळी माणसं गोदामात. अंड्यांच्या ट्रेमध्ये पेंढा भरायचा, कोबी-फुलकोबीची खोकी तागाच्या कापडात गुंडाळायची, प्रत्येक डाग काट्यावर ठेवून त्यावर खडूने वजन लिहायचं. मग ट्रॉलीवरून विमानापाशी. आत माल रचला की त्यावर जाळं टाकायचं, पट्टे आवळायचे, पट्ट्यांचे हूक फरशीतल्या कड्यांत अडकवायचे. डोंगरावर विमान हिसके खातं. तिथे माल एका बाजूला सरकला तर विमान आवरणं कठीण. म्हणून सगळं झालं की उस्ताद एकटा आत जायचा. प्रत्येक हूक दोनदा ओढून बघायचा. एकदा हलकेच, एकदा अंगाचा भार टाकून. थंडीत लोखंडाने हात बधिर व्हायचा, तरी हातमोजे काढूनच बघायचा. मोज्यातून कळत नाही म्हणायचा.

एवढ्या पहाटे का, तर तेव्हा लेहला फक्त सकाळीच उतरता यायचं म्हणून. लेहचा तळ साडेदहा हजार फुटांहून उंच. हवा मुळातच विरळ. ऊन चढलं की ती आणखी विरळ होते आणि पंखांना उचल मिळत नाही. दुपारी दरीत वारा सुटतो. त्यामुळे सकाळचे थोडे तास विमानांचे, पुढचा दिवस डोंगराचा. विमान दरीतून वाट काढत जायचं, वैमानिकाला डोळ्यांनी जमीन दिसावी लागायची. ढग असले तर गेलेलं विमान भरल्या पोटाने परत यायचं.

त्या जानेवारीत मात्र वेगळंच मांडून ठेवलं होतं. एरवी लेह म्हणजे थंड वाळवंट, पाऊस-बर्फ बेताचाच. त्या साली तिथेही बर्फ पडत राहिला. आणि इकडे खाली पंजाब-हरियाणावर धुकं बसलं. लेहहून संदेश यायचा की आज आभाळ स्वच्छ आहे, तेव्हा चंडीगडला दहा पावलांवरचा माणूस दिसत नसायचा. धुकं उठेउठेपर्यंत अकरा वाजायचे आणि तोवर लेहला वारा सुटलेला असायचा. दुसऱ्या दिवशी चंडीगडला लख्ख उजाडायचं, तर लेहवर ढग. दोन्ही दारं एकाच वेळी उघडी, असा योग काही येईना.

तरी उस्ताद रोज अडीचला दिवा लावायचा. रोज माल भरला जायचा, हूक ओढून बघितले जायचे. वैमानिक येऊन बसायचे, हवामानखात्याच्या खोलीत फोन वाजायचा, आणि नऊ-दहाच्या सुमाराला कोणीतरी येऊन हात हलवायचं. आज नाही. मग जाळं सोडायचं, भाजी-अंडी-मांस उतरवायचं, गोदामात न्यायचं. पानं सुकलेली भाजी काढून टाकायची, त्या जागी ताजी भरायची. वरून नवी मागणी आली असेल तर वजनं पुन्हा जुळवायची. दुपार त्यात जायची. रात्री आडवं व्हावं तोच पुन्हा अडीच.

आठवडा झाला. जवानाच्या तळहातांना घट्टे पडले. आठव्या दिवशी माल उतरवताना त्याने एक खोकं जरा आपटलंच.

"उस्ताद, आठ दिवसांत एक दाणा वर गेला नाही. आपण नुसतं भरतो आणि काढतो. उडायचं नक्की झालं की भरू ना! तासाभरात भरतो आम्ही."

उस्तादाने आपटलेलं खोकं उघडलं. आत अंडी नव्हती, मुळे होते. त्याने खोकं पुन्हा बंद केलं.

"तुमच्याकडे धूळपेरणी करतात का रे?"

"करतात की. कापसाची."

"कधी?"

"मिरगाच्या आधी. कोरड्या जमिनीत."

"पाऊस येणार हे वडिलांना कोण सांगतं?"

"कोण सांगणार! पण आलाच तर बी आधीच जमिनीत असतं. पहिला पाऊस वाया जात नाही." एवढं बोलून तो थांबला. मग म्हणाला, "आणि नाही आला तर बी जातं. मागच्या साली गेलं. व्याजाने पैसे काढून दुसऱ्यांदा पेरलं बाबांनी."

"मग यंदा केली का धूळपेरणी?"

"केली."

उस्ताद काही बोलला नाही. त्याने खोक्याची दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून ते ट्रॉलीवर ठेवलं.

खरं सांगायचं तर जवानाची समजूत पटली नव्हती. आपल्या बापाला दुसरा इलाज नव्हता, इथे तर सरकारी काम आहे, असं त्याला वाटत राहिलं. पण दुसऱ्या दिवशी तो अडीचला उठला, कारण उठावंच लागत होतं.

अकराव्या पहाटे धुकं आलंच नाही. लेहहूनही होकार आला. सहाच्या आधी संदेश होता की वरचं आभाळ नऊपर्यंत टिकेल, पुढचं सांगता येत नाही. माल भरलेला होता. हूक ओढून झालेले होते. तासाभरात भरू म्हणणाऱ्या जवानाने मनातल्या मनात हिशेब केला. आत्ता भरायला घेतलं असतं तर नऊ इथेच वाजले असते.

मालाबरोबर जाणाऱ्यांपैकी एकाला ताप होता. उस्तादाने जवानाकडे बोट दाखवलं. "तू जा. तिथे उतरवायला माणूस लागेल."

विमान उठलं. खाली शिवालिकच्या तपकिरी टेकड्या गेल्या, मग झाडांचे डोंगर, मग फक्त पांढरं. अर्ध्या तासानंतर जवानाला कुठे रस्ता दिसेना, घर दिसेना. तासाभराने विमान सिंधूच्या दरीत उतरू लागलं. दोन्ही बाजूंना कडे इतके जवळ की त्याने नकळत कोपर आत घेतलं. एका टेकाडावर मठ दिसला, स्पितुकचा. त्याच्या पायथ्याशी धावपट्टी.

सगळं खोरं पांढरं होतं आणि मधोमध ती पट्टी काळीभोर होती. दोन्ही कडांना कमरेएवढे बर्फाचे बांध. चाकं टेकली. लेहची पट्टी सपाट नाही, चढाची आहे. विमानं चढाकडे तोंड करून उतरतात आणि उताराच्या दिशेने उडतात. विमान थांबलं, पण इंजिनं चालूच राहिली. त्या उंचीवर, त्या थंडीत बंद केलेलं इंजिन पुन्हा धरेलच याचा भरवसा नसायचा. मागचा दरवाजा उतरला आणि थंडी तोंडावर आली. बोलून काही ऐकू जात नव्हतं. हातवारे करत माणसं धावत आली. जाळं सुटलं, डाग हातोहात खाली गेले. ऑक्सिजनची नळकांडी आधी, मग औषधांची पेटी, टपालाच्या थैल्या, मग अंडी आणि भाजी. जवानाला दहा पावलांत धाप लागली. बाकीचे पळत होते.

रिकाम्या विमानात आता परतीची माणसं चढवायची होती. चौघांना स्ट्रेचरवरून आणलं. पाचवा एक पोरगा होता, याच्याच वयाचा. पुढच्या चौकीवर विरळ हवेने त्याच्या फुप्फुसात पाणी भरलं होतं. या दुखण्यावर ऑक्सिजन देतात, पण खरा उतारा एकच, माणसाला लवकरात लवकर खाली न्यायचं. तो आदल्या रात्रीच लेहला आला होता आणि यादीत त्याचं नाव नव्हतं. त्याच्याबरोबर नळकांडं आणि एक नर्सिंगचा माणूस. लोडमास्टरने वजनांचा कागद पाहिला, मान हलवली. विरळ हवेत उडताना वजनाची घासाघीस चालत नाही. त्याने जवानाकडे पाहिलं. जवानाने स्वतःची पिशवी उचलली आणि घसरणीवरून खाली आला.

पंधरा-वीस मिनिटांत सगळं आटोपलं. विमान वळलं, उताराला लागलं, मठाशेजारून उठून दरीत दिसेनासं झालं. साडेनऊला ढगांनी खोरं झाकलं.

नव्याने वर आलेल्या माणसाने पहिले दिवस नुसतं पडून राहायचं, जिनासुद्धा चढायचा नाही, असा तिथला कडक नियम. जवानाला पट्टीच्या कडेच्या एका खोलीत ठेवलं. मध्ये बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, तिच्यावर चहाची किटली. या खोलीत बर्फ काढणारी माणसं ऊब घ्यायला येत. काही हवाई दलाचे, काही लेहच्या आसपासच्या गावांतले मजूर. त्यांच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्याला सगळे मेमे म्हणत. लडाखीत मेमे म्हणजे आजोबा.

जवानाने विचारलं, "मेमे, आज विमान येणार हे तुम्हाला कधी कळलं?"

"पट्टीवर फोन आला तेव्हा. सहाला."

"मग एवढी पट्टी तासाभरात साफ केली?"

म्हातारा हसला. दुसऱ्या मजुराला त्याने लडाखीत काहीतरी सांगितलं, तोही हसला. "एवढी पट्टी तासाभरात? रोज करतो. पहाटे चारपासून."

"दहा दिवस विमान नव्हतं, तरी?"

"विमान नसेना. बर्फ होता ना!"

मग त्याने समजावून सांगितलं. रात्री पडलेला बर्फ सकाळी भुसभुशीत असतो, फावड्याने निघतो. तो तसाच ठेवला तर दुपारच्या उन्हाने वरचा थर वितळतो, पाणी खाली झिरपतं आणि रात्री सगळं गोठून जमिनीला धरतं. त्यावर पुन्हा नवा बर्फ. आजचा बर्फ फावड्याने निघतो, उद्याचा पहारीने निघत नाही. बर्फ ढकलायचं यंत्र आहे, पण थंडीत डिझेल घट्ट होतं आणि ते निम्म्या दिवशी सुरूच होत नाही. एक दिवस आळस केला तर पुढच्या दिवशी आभाळ उघडूनही विमान उतरणार नाही. "आणि ते आम्हाला आधी थोडंच सांगतात, उद्या उघडणार म्हणून!" त्याने वर बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मेमेने आणखी एक गोष्ट सांगितली. १९४८ साली तो बारा-तेरा वर्षांचा होता. सिंधूच्या काठाने हल्लेखोर लेहकडे येत होते. गावात सैनिक थोडे. झोजी लाच्या पलीकडून मदत येणं कठीण होतं. लडाखचेच एक इंजिनिअर होते, सोनम नोरबू. त्यांनी लोकांना बोलावलं आणि सांगितलं की इथे विमानासाठी जागा करायची. बाया, माणसं, पोरं दगड वेचू लागली. या मुलानेही टोपलीतून दगड वाहिले. त्याने जन्मात विमान पाहिलेलं नव्हतं. त्याच्या आईनेही नव्हतं. एवढ्या उंचीवर विमान उतरतं की नाही, हे तर खुद्द विमानवाल्यांनाही ठाऊक नव्हतं, कारण तोवर इथे कोणी उतरलेलंच नव्हतं. पट्टी तयार झाली. विमान नंतर आलं. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना शेजारी घेऊन आपला डाकोटा त्या दगडमातीवर उतरवला. पुढे त्याच पट्टीवर गोरखा सैनिक उतरले आणि लेह वाचलं.

"आई म्हणायची," मेमे म्हणाला, "आपण दगड उचलायचे. यायचं की नाही ते येणारा बघेल."

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जवानाला हिंडायची परवानगी दिली. चौथ्या पहाटे तो मेमेबरोबर पट्टीवर गेला. त्याला हलकं काम दिलं होतं, कडेच्या दिव्यांवरचा बर्फ हाताने झाडायचा. काचेवरचा थर नखाने खरवडताना त्याने मोजे काढले. मेमेने पाहिलं, पण काही म्हटलं नाही. आठच्या सुमाराला वरचं आभाळ निळंशार झालं. ढगाचा एक तुकडा नव्हता. सगळे बुखारीपाशी येऊन थांबले. मग फोन वाजला. चंडीगडला धुकं होतं. आज नाही.

माणसांनी चहा घेतला. कोणी शिवी दिली नाही, कोणी उसासा टाकला नाही. जवान खिडकीशी उभा राहिला. त्याला कळत होतं की या क्षणी तिकडे उस्ताद जाळं सोडतो आहे आणि पोरं कोबी उतरवत आहेत. इकडच्या माणसांनी उस्तादाला कधी पाहिलं नव्हतं. उस्तादाने यांना पाहिलं नव्हतं. तरी रोज पहाटे दोघं एकमेकांसाठी उठत होते.

आपण पोहोचलेलं विमान मोजतो. कागदावर त्याचीच नोंद होते. पण ते ज्या सकाळी पोहोचलं, ती सकाळ आधीच्या दहा सकाळींनी उभी केली होती, आणि त्या दहांपैकी कोणालाही माहीत नव्हतं की अकरावी येणार आहे. मला वाटतं, माणसाच्या हातची पुष्कळ चांगली कामं अशीच होतात. फळाची तारीख ठरलेली नसते. पलीकडच्या टोकाला कोण आहे, तो आपलं काम करतो आहे की नाही, हेही दिसत नसतं. तो करत असेल असं धरून आपण आपलं टोक तयार ठेवायचं असतं. त्यात काही सकाळी रिकाम्या जातात, काही बी मातीत जातं, आणि ते नुकसान खरंच असतं. धूळपेरणी करणाऱ्याला ते पेरतानाच माहीत असतं.

सातव्या दिवशी विमान आलं. जवान पट्टीच्या कडेला उभा होता. दरवाजा उतरताच तो आत धावला आणि हूक सोडू लागला. एकही ढिला नव्हता. लोडमास्टरने त्याला ओळखलं. कानाशी तोंड नेऊन तो ओरडला, "तुझ्या जागेवर आला होता ना, तो पोरगा उठून बसला! परवापासून चहा मागतोय! आणि उस्तादाने निरोप दिलाय, आज जागा आहे, ये म्हणावं!"

जवानाने आधी सगळा माल उतरवला. या वेळी त्याला धाप कमी लागली. मग तो मेमेला शोधू लागला. मेमे आणि बाकीचे मजूर पट्टीच्या वरच्या अंगाला निघाले होते. जवानाने हाक मारली, इंजिनांच्या आवाजात ती कोणाला ऐकू गेली नाही. तो विमानात चढला. मजुरांना दुपारचं ऊन पडायच्या आत तिकडचा उरलेला बर्फ काढायचा होता.